शेळीच्या कासेतला छुपा संसर्ग

शेळीच्या कासेचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भागाला एक सड असतो. बाहेरून कास एकसंध दिसली तरी मधल्या पडद्यामुळे डावा आणि उजवा भाग एकमेकांपासून पूर्ण वेगळे राहतात. एका बाजूचे दूध दुसऱ्या बाजूला जात नाही. गायी-म्हशींच्या कासेत असे चार कप्पे असतात. गायीचा एक सड निकामी झाला तर पाव कास जाते, शेळीचा एक सड गेला तर निम्मी. जिवाणूंमुळे होणारा कासेचा दाह, म्हणजे कासदाह किंवा शेतकऱ्यांच्या तोंडी असलेली ‘दगडी’, शेळीला जड जाते ती आधी या रचनेमुळे.

जिवाणू बहुतेक वेळा सडाच्या टोकातूनच आत शिरतात. टोकाशी एक अरुंद नळी असते. तिच्या भोवती स्नायूंचे कडे असते आणि आतल्या भिंतीला मेणचट केराटिनचा थर असतो. धार काढून झाली की हे कडे हळूहळू आवळते. ते पूर्ण मिटायला साधारण अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात शेळी ओल्या, लेंडी-मुताने भरलेल्या जमिनीवर बसली तर जिवाणूंना उघडे दार मिळते. म्हणूनच धार काढल्यावर लगेच पुढ्यात चारा टाकावा, म्हणजे शेळी खात उभी राहते. याला काही खर्च येत नाही, पण उपयोग मोठा होतो.

जमिनीखेरीज इतरही वाटा आहेत. एकाच फडक्याने सगळ्या कळपाच्या कासा पुसल्या की एकीचे जिवाणू दुसरीला लागतात. धार काढणाऱ्याचे हातही तेच काम करतात. बाभळी-बोरींत चरणाऱ्या, कास लोंबती असलेल्या शेळीला काट्यांचे ओरखडे उठतात. करडांच्या तोंडाला मावा आला असेल, तर तो विषाणू पिताना आईच्या सडाला लागतो, तिथे फोड येतात आणि त्या जखमांत जिवाणू घर करतात. अंगठा मुडपून त्याच्या पेराने सड दाबत धार काढण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. तिने सडाच्या आतल्या नाजूक अस्तराला रोज दोनदा इजा होते. पूर्ण मुठीने, वरून खाली दाब देत धार काढली तर ही इजा टळते. एकुलते करडू बरेचदा एकाच सडाला लागते. मग दुसऱ्या बाजूला दूध तटून राहते, आणि साचलेल्या दुधात जिवाणू भराभर वाढतात.

शेळीच्या कासेत सर्वाधिक आढळणारे जिवाणू स्टॅफिलोकॉकस कुळातले आहेत. त्यांचे दोन गट करणे सोयीचे पडते. पहिल्या गटात एकटा स्टॅफिलोकॉकस ऑरियस येतो. तो प्रमाणाने कमी सापडतो, पण अतिशय घातक आहे. दुसऱ्या गटात त्याचे सौम्य भाऊबंद येतात, उदाहरणार्थ स्टॅफिलोकॉकस कॅप्री किंवा एपिडर्मिडिस. ते कातडीवर आणि सडावर एरवीही असतातच. कासेत गेले की गाजावाजा न करता महिनोन्‌महिने टिकून राहतात. याशिवाय स्ट्रेप्टोकॉकस, शेणा-लेंडीतून येणारे ई. कोलाय आणि क्लेब्सिएला, घाणेरड्या पाण्यातून येणारा स्यूडोमोनास असे इतरही आहेत.

ऑरियसचे उग्र रूप एकदा पाहिलेला शेळीपालक ते विसरत नाही. शेळी व्याल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हा प्रकार जास्त होतो. संध्याकाळी ठीक असलेली शेळी सकाळी चारा सोडते, एक मागचा पाय ओढत चालते, करडांना पिऊ देत नाही. सुरुवातीला कासेचा एक भाग लाल, गरम आणि टणक असतो. या जिवाणूचे अल्फा-टॉक्सिन नावाचे विष रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि पेशींना भोके पाडते. रक्तपुरवठा तुटला की तोच भाग काही तासांत थंड पडतो, निळा-काळा होतो, आणि जिवंत व मेलेल्या कातडीमध्ये स्पष्ट रेघ उमटते. सडातून दुधाऐवजी लालसर पाणी येते. शेळीचे नेहमीचे तापमान 102 ते 104 अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असते. या आजारात ते आधी चढते आणि विष अंगभर पसरले की नेहमीपेक्षाही खाली उतरते. थंड कान आणि थंड कास एकत्र दिसली तर हातात फार थोडा वेळ असतो. वाचलेल्या शेळीचा मेलेला भाग पुढे काही आठवड्यांत गळून पडतो. तिथे पुन्हा दूध येत नाही.

हे रूप भयंकर असले तरी कळपाचे दूध घटवण्यात त्याचा वाटा लहान आहे. उघड कासदाह वर्षभरात साधारणपणे शंभरांत पाचांहून कमी शेळ्यांना होतो. सुप्त कासदाह मात्र 5 ते 30 टक्के शेळ्यांमध्ये सापडतो, आणि जिथे व्यवस्था ढिसाळ तिथे त्याहूनही अधिक. सुप्त म्हणजे ज्यात कास सुजत नाही, ताप येत नाही, दुधात गाठी पडत नाहीत, शेळी नेहमीसारखी खाते-पिते. फक्त दूध थोडे कमी येते. ‘यंदाच्या वेताला कमीच आहे’ म्हणून ते सोडून दिले जाते. शेळीपालकाचे खरे नुकसान इथे होते, आणि ते कोणत्याही वहीत लिहिले जात नाही.

सुप्त संसर्ग ओळखण्याची वाट दुधातल्या पेशींवरून जाते. जिवाणू आत आले की शरीर पांढऱ्या पेशींची फौज कासेकडे पाठवते आणि दुधातली पेशींची संख्या वाढते. गायीच्या बाबतीत हे मोजमाप सरळ आहे: एका मिलिलिटरमध्ये दोन लाखांहून अधिक पेशी दिसल्या की संसर्गाचा संशय घेतात. शेळीला हाच निकष लावणे चुकीचे ठरते. शेळीच्या कासेत दूध स्रवताना ग्रंथीच्या पेशींचे टोकाकडचे तुकडे सुटून दुधात मिसळतात. साधी मोजणी यंत्रे या तुकड्यांनाही पेशी समजतात. शिवाय पूर्ण निरोगी शेळीच्या दुधातही पांढऱ्या पेशी गायीपेक्षा जास्त असतात. माजाच्या काळात आणि वेताच्या अखेरीस तर त्या दहा लाखांच्या पलीकडे जाऊ शकतात. अमेरिकेत गायीच्या दुधाची कायदेशीर मर्यादा मिलिलिटरला साडेसात लाख पेशींची आहे, शेळीच्या दुधाची पंधरा लाखांची. युरोपीय संघाने गायीसाठी चार लाखांची मर्यादा घातली, शेळीसाठी मात्र घातलीच नाही. गायीचे निकष डोळ्यांपुढे ठेवून शेळीचे चांगले दूध नाकारले गेले, तर तो शेळीपालकावर अन्याय आहे.

यातून मार्ग काढणारी एक साधी चाचणी 1957 साली अमेरिकेत शाल्म आणि नूरलँडर यांनी प्रसिद्ध केली. ती कॅलिफोर्निया मास्टायटिस टेस्ट, थोडक्यात सीएमटी, या नावाने ओळखली जाते. तिच्यासाठी कप्पे असलेली एक पसरट तबकडी आणि जांभळट द्रावण लागते. पहिल्या एक-दोन धारा बाजूला टाकून द्यायच्या. मग डाव्या सडाचे थोडे दूध एका कप्प्यात, उजव्या सडाचे दुसऱ्यात घ्यायचे. तेवढेच द्रावण ओतून तबकडी दहा-पंधरा सेकंद गोलाकार हलवायची. द्रावणातला साबणासारखा घटक पेशी फोडतो, त्यांतला डीएनए बाहेर येतो आणि दूध घट्ट, चिकट होऊ लागते. पेशी फार असतील तर तबकडी वाकडी केल्यावर दूध जेलीच्या गोळ्यासारखे एकत्र सरकते. शेळीच्या बाबतीत किंचित घट्टपणा दिसला तरी घाबरण्याचे कारण नसते. पाहायचे ते दोन बाजूंमधले अंतर. एका कप्प्यातले दूध पातळ आणि दुसऱ्यातले जेलीसारखे असेल, तर त्या बाजूला संसर्ग आहे असे जवळपास नक्की समजावे. माजाचा किंवा वेताच्या अखेरीचा परिणाम दोन्ही बाजूंवर सारखा होतो, जिवाणू मात्र सहसा एकाच बाजूला असतात. तयार द्रावण न मिळाल्यास कपडे धुण्याच्या पावडरीचे तीन टक्क्यांचे पाणी वापरूनही कामापुरता अंदाज येतो.

दूध कमी का होते, याचे उत्तर बराच काळ ‘पेशी मेल्या म्हणून’ एवढेच दिले जाई. ते खरे आहे, पण अपुरे आहे. दुधातले पाणी लॅक्टोज या साखरेमागे येते. ग्रंथीच्या पेशी जेवढे लॅक्टोज तयार करतात, त्या प्रमाणात रक्तातून पाणी दुधात ओढले जाते. दाह झाला की लॅक्टोज घटते आणि त्याबरोबर दुधाचे आकारमानही. पेशींमधले सांधे सैल होऊन रक्तातले सोडियम आणि क्लोराइड दुधात झिरपतात, म्हणून अशा दुधाला खारट चव येते.

इस्रायलमधील निस्सिम सिलानिकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांवर काम करून या शतकाच्या सुरुवातीला आणखी एक कडी उलगडली. दाह झालेल्या कासेत प्लाझमिन नावाचे विकर जागे होते आणि दुधातल्या बीटा-केसिन या प्रथिनाचे तुकडे करते. त्यांतला एक तुकडा ग्रंथीच्या पेशींवरील पोटॅशियमच्या वाटा अडवतो आणि पेशींना दूध कमी करण्याचा जणू आदेशच देतो. म्हणजे दूध घटणे हे केवळ पेशींच्या मोडतोडीचे फळ नाही. शरीर स्वतःहून नळ आवळते. याच गटाने एका शेळीची एक बाजू संसर्ग झालेली आणि दुसरी निरोगी अशा जोड्या निवडून तुलना केली. शेळी एक, चारा एक, वय एक, वेत एक, त्यामुळे तुलनेला दुसरी कुठली बाधा नाही. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात संसर्ग असलेल्या बाजूचे दूध निरोगी बाजूपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी कमी भरले. या शेळ्या बाहेरून पाहता आजारी नव्हत्या. केसिनचे तुकडे झाल्यामुळे अशा दुधाचे पनीर आणि चीजही कमी पडते. विरजलेले दूध घट्ट बसत नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात या आकड्याचा अर्थ थोडा वेगळा लागतो. 2019 च्या पशुगणनेनुसार देशात 14 कोटी 88 लाखांहून अधिक शेळ्या आहेत आणि महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक. पण इथली उस्मानाबादी काय किंवा संगमनेरी काय, मुख्यत्वे करडे आणि मांस यांसाठी पाळली जाते. डेअरीला जाणारे शेळीचे दूध फार थोडे. बहुतेक दूध करडांच्याच पोटात जाते. मग दुधाची घट लिटरमध्ये मोजली जात नाही, ती करडांच्या वजनात उतरते. दिवसाला एक लिटर दूध देणारी, जुळी करडे असलेली शेळी घेऊ. तिच्या एका बाजूला सुप्त संसर्ग झाला आणि त्या बाजूचे दूध 30 टक्के घटले, तर रोज दीडशे मिलिलिटर दूध कमी होते. दोन किलो वजनाच्या करडाला सुरुवातीच्या दिवसांत वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढे, म्हणजे किमान दोनशे मिलिलिटर दूध रोज लागते. एका करडाच्या या किमान गरजेच्या तीन चतुर्थांशाएवढे दूध असे गेले. जुळ्यांतले दांडगे करडू आपला वाटा काढून घेते आणि अशक्त करडू मागे पडते. ते खंगले, हगवण लागून मेले, की दोष थंडीला किंवा नशिबाला दिला जातो. करडांची वजने आठवड्याला एकदा केली तर आईच्या कासेचा हा छुपा आजार काट्यावर दिसू लागतो.

काही जिवाणू कासेपुरते थांबत नाहीत. मायकोप्लाझ्मा ॲगॅलॅक्टी हा त्यांपैकी एक. त्याने होणाऱ्या आजाराला सांसर्गिक दूधबंदी म्हणता येईल. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत तो दोन शतकांपासून ठाऊक आहे. यात दूध पिवळट-हिरवट होते आणि झपाट्याने आटते, सांधे सुजतात, डोळे लाल होऊन पाण्याने भरतात. कास, सांधे आणि डोळे ही तिन्ही लक्षणे एकाच कळपात दिसली तर हाच संशय घ्यावा. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसते आणि पेनिसिलिन नेमके तिच्यावरच काम करते, म्हणून इथे पेनिसिलिनची कितीही इंजेक्शने दिली तरी ती वाया जातात. बऱ्या झालेल्या शेळ्याही कित्येक महिने दुधातून जिवाणू सोडत राहतात.

जोन्स रोगाचा जिवाणू आतड्यात बसतो. खाल्लेले अंगी लागत नाही, शेळी वाळत जाते, दूध घटत जाते. गायीत या रोगात ठळकपणे दिसणारी हगवण शेळीत पुष्कळदा नसतेच, त्यामुळे निदान उशिरा होते. मथुरेजवळ मखदूम येथील केंद्रीय शेळी संशोधन संस्थेने या जिवाणूच्या भारतीय वाणापासून लस विकसित केली आहे.

ब्रुसेला मेलिटेन्सिस या जिवाणूची कथा मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण छुप्या संसर्गाची किंमत माणसांनी कशी मोजली ते तिच्यात दिसते. एकोणिसाव्या शतकात माल्टा बेटावर तैनात असलेल्या ब्रिटिश सैनिकांना महिनोन्‌महिने चढ-उतार करणारा ताप येई. 1887 साली डेव्हिड ब्रूस यांनी या तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत जिवाणू शोधला. पण तो येतो कुठून, हे पुढची अठरा वर्षे कळले नाही. माल्टात तेव्हा शेळ्यांचे कळप रस्त्यांतून हिंडवत आणि दारोदारी धार काढून दूध देत. शेळ्या धष्टपुष्ट दिसत, म्हणून त्यांच्यावर कोणी संशय घेतला नाही. 1905 साली माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामित यांनी शेळ्यांच्या रक्तात या संसर्गाची खूण दाखवली. पुढच्या तपासात जवळपास निम्म्या शेळ्यांच्या रक्तात ती आढळली, आणि दहातली एक शेळी दुधातून जिवाणू सोडत होती. त्याच वर्षी माल्टाच्या शेळ्या अमेरिकेला नेणाऱ्या ‘जोशुआ निकलसन’ या जहाजावर त्यांचे कच्चे दूध प्यायलेले अनेक खलाशी तापाने पडले. 1906 साली लष्करी छावण्यांत शेळीचे दूध बंद झाले आणि सैनिकांमधला ताप झपाट्याने ओसरला.

हाच जिवाणू आजही शेळ्यांमध्ये गाभण काळाच्या शेवटच्या टप्प्यात गर्भपात घडवतो आणि गाभडलेली शेळी नेहमीएवढे दूध देत नाही. आपल्याकडे डेंग्यूच्या हंगामात प्लेटलेट वाढाव्यात म्हणून शेळीचे कच्चे दूध शोधत लोक फिरतात. या समजुतीला भक्कम वैद्यकीय पुरावा नाही. कच्च्या दुधातून ब्रुसेला येण्याचा धोका मात्र खरा आहे. उकळल्याने किंवा 63 अंश सेल्सियसला अर्धा तास तापवल्याने तो मरतो. ऑरियसची गोष्ट निराळी: तो स्वतः उष्णतेने मरतो, पण कोमट दुधात आधीच सोडून ठेवलेले त्याचे काही विष उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून धार काढल्याबरोबर दूध थंड करणे आणि नंतर उकळणे, दोन्ही लागते.

उपचारांत पहिली गोष्ट नमुना. प्रतिजैविकाची पहिली मात्रा देण्याआधी सडाचे टोक स्पिरिटने पुसून, पहिल्या धारा सोडून, निर्जंतुक बाटलीत दूध घ्यावे आणि पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत पाठवावे. कोणता जिवाणू आहे आणि कोणते औषध त्याला लागू पडते, हे तिथे कळते. अंदाजाने इंजेक्शने बदलत राहिल्याने जिवाणू निबर होतात. सडात सोडायच्या बाजारातल्या ट्यूब गायीच्या सडाच्या मापाच्या असतात. शेळीसाठी ट्यूबचे टोक काही मिलिमीटरच आत घालावे, आणि एक ट्यूब दोन सडांत वाटून कधीही देऊ नये. तसे केल्यास एका बाजूचे जिवाणू दुसरीकडे पोचतात. औषध चालू असताना आणि त्यानंतर पशुवैद्यकाने सांगितलेले दिवस संपेपर्यंत ते दूध माणसाला द्यायचे नाही. या दुधाला दही लागत नाही, कारण विरजणातले उपयोगी जिवाणूही औषधाने मरतात. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गायी-म्हशींसाठी प्रचारात आणलेला कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप शेळीलाही वरून लावतात. सुरुवातीच्या सुजेला तो चालेल, पण कास थंड आणि काळी पडू लागली असेल तर लेपात वेळ घालवू नये. तिथे सलाइन, दाह उतरवणारे औषध आणि शिरेतून प्रतिजैविक हाच उपाय असतो, आणि वाचवायचा असतो तो शेळीचा जीव. कासेचा तो भाग बहुधा गेलेलाच असतो. याउलट एक भाग टणक आहे, पण गरम नाही आणि दूध स्वच्छ आहे, अशा वेळी विषाणूजन्य सीएई (कॅप्राइन आर्थ्रायटिस-एन्सेफलायटिस) रोगाचाही विचार करावा लागतो. त्यावर प्रतिजैविक चालत नाही.

रोजच्या व्यवहारात धार काढण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिलारू शेळ्या आधी, मग निरोगी जुन्या, आणि संसर्ग असलेल्या सर्वांत शेवटी. धार संपली की सड अर्धा टक्का आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत. पहिल्या धारा जमिनीवर न सोडता काळ्या तळाच्या वाटीत घ्याव्यात. पांढऱ्या गाठी काळ्यावर लगेच उठून दिसतात.

जुनाट सुप्त संसर्ग निपटायचा सर्वांत चांगला काळ शेळी आटवतानाचा. शेळी सुमारे 150 दिवस गाभण राहते. विण्याआधी पन्नास ते साठ दिवस तिचे दूध बंद करावे. खुराक आठवडाभर कमी करून धार एकदम थांबवली की कासेवरचा ताण दूध बनणे रोखतो. शेवटच्या धारेनंतर, चाचणीत दोषी ठरलेल्या बाजूत दीर्घकाळ टिकणारे औषध सोडले तर ते धारेबरोबर बाहेर न जाता आठवडेच्या आठवडे आत राहते, आणि दुभत्या काळात न जाणारे जिवाणू या वेळी जातात. तरीही काही कासा सुधारत नाहीत. व्याल्यावर पहिला आठवडा चिकामुळे पेशी वाढलेल्याच असतात, म्हणून तेव्हा केलेली चाचणी फसवते. आठवडा उलटल्यावर दोन्ही बाजू पुन्हा तपासाव्यात. त्याच बाजूचे दूध पुन्हा जेलीसारखे झाले, कास चाचपताना आत गाठी लागल्या आणि सडात ऑरियस सापडला, तर त्या शेळीला कळपात ठेवल्याने उरलेल्या शेळ्या धोक्यात येतात. तिला कळपातून काढावे आणि तिची करडे दुसऱ्या शेळीच्या उकळून कोमट केलेल्या दुधावर वाढवावीत.